खिम्यातलं मीठ

रमझानच्या दुसऱ्या आठवड्यात जैतूनच्या गॅरेजमधला फ्रीझर बंद पडला, आणि पडला तोही मुकाट्याने. सकाळी तिचा मुलगा तौफीक गाडी काढायला गेला तेव्हा दाराखालून पाण्याचा ओघळ आला होता. आत साठ डझन समोसे नरम पडून एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसले होते. रमझानच्या आधीचे तीन रविवार जैतून, तिची नणंद मैमूना आणि शेजारची गदीजा अशा तिघींनी कंबरेचा काटा ढिला होईपर्यंत ते भरले होते. जैतूनने झाकण उचलून पाहिलं, मयताच्या बातमीला म्हणतात ते शब्द पुटपुटली आणि बाह्या सरसावून मोठी कढई चढवली. जेवढे सुटे निघाले तेवढे तळून मशिदीत गेले. त्या संध्याकाळी इफ्तारला आलेल्या प्रत्येकाच्या पुढ्यात सात-सात समोसे पडले. लोकांनी भरभरून दुवा दिल्या.

"दुवा घे आणि फ्रीझरमध्ये रच," जैतून मैमूनाला म्हणाली.

तर अशा रीतीने एकविसाव्या रोजाला, ऐन उपासात, पुन्हा समोसे भरायची पाळी आली. हे काम खरं तर भरल्या पोटी करायचं असतं. खिमा रमझानच्या आधी शिजवायचा, कारण तेव्हा जीभ मोकळी असते; चमचा तोंडात घालायचा, मीठ-तिखट बघायचं आणि मग पुढचं. रोजात शिजवलेला खिमा म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवणं. पण करता काय? रायलँड्सच्या या गल्लीत सूर्यास्ताला, मगरिबच्या आधी डावीकडच्या चार आणि उजवीकडच्या चार घरी थाळी जायचीच. त्यांच्याही थाळ्या येणार, आणि आलेली थाळी रिकामी परत करायची नसते. त्यात आज लामियाचे आईबाप इफ्तारला येणार होते.

लामिया ही जैतूनची सून. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ती मिचेल्स प्लेनमधली लिझेल होती आणि दर रविवारी चर्चमध्ये गायची. तौफीकशी लग्न करताना तिने कलमा पढला, आणि तेव्हापासून तिच्या आईने, मेर्लने, या घराची पायरी चढली नव्हती. आज ती पहिल्यांदा येणार होती. लामियाने सकाळीच सांगून टाकलं, आजचं सगळं मी करणार. खिमा माझा, समोसे माझे, स्प्रिंग रोल तर माझेच. आईसमोर बशी ठेवून 'हे मी केलंय' म्हणायचं, एवढंच पोरीला हवं होतं. स्प्रिंग रोलला जैतूनची हरकत नव्हती. ती फक्त त्याला कोबीची वळकटी म्हणायची.

आणि जैतूनला काय हवं होतं? हा महिना कसाबसा पार पडावा आणि कुणाला काही कळू नये. कारण जैतूनचा रोजा नव्हता. एकविसांतला एकही नव्हता.

रमझानच्या आधीच्या शाबान महिन्यात एकदा साखर उतरून ती न्हाणीघरात पडली होती. घरात कुणी नव्हतं हे नशीब. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने फाईल मिटली आणि सांगितलं, "आंटी, यंदा एकही नाही. इन्सुलिन घेऊन रोजे करायला गेलात तर ईदला तुम्ही नसाल." जैतून बरं म्हणाली, घरी आली आणि तोंडाला कुलूप लावून बसली. आजाऱ्याला सूट आहे हे तिला कुणी शिकवायला नको होतं. लहान मुलींना कुराण शिकवताना तिनेच ते पन्नास वेळा सांगितलं होतं. पण सूट दुसऱ्यांसाठी असते, अशी तिची एक आतली समजूत होती. दहाव्या वर्षापासून तिचा रोजा चुकला नव्हता. बाळंतपणातले आणि महिन्याचे सुटले तेही तिने ईद उलटताच फेडले होते. आणि हे सगळं चार जणींना ऐकवल्याशिवाय तिचा एक रमझान गेला नव्हता. आता ती सगळ्यांबरोबर पहाटे सेहरीला उठायची, सगळ्यांबरोबर खजूर तोंडात घालून रोजा सोडायची, आणि मधे अकरा वाजता खोलीचं दार लावून काहीबाही खायची. खाल्लेलं अंगाला लागत होतं की नाही कोण जाणे, मनाला मात्र टोचत होतं.

तिला भीती होती ती मैमूनाची. मैमूना सात वर्षांपूर्वी मूत्रपिंडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली आणि तिचे रोजे सुटले. तेव्हा याच घरात, बायका जमलेल्या असताना, जैतून म्हणाली होती, "मनात आणलं तर माणूस करतं. काही जणींचं मनच आजारी असतं." मैमूना काही बोलली नाही. विधवा बाई, भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत राहणारी. पुढे भाऊही गेला, मग तर बोलणार कुणाच्या जोरावर? त्यानंतर रमझानात दिवसाउजेडी मैमूनाला खाताना या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

दुपारी जुहरची नमाज झाल्यावर चौघी टेबलाभोवती बसल्या. बाहेर वारा सुटला होता आणि खिडकीची तावदानं खडखडत होती. पट्ट्या जैतूनने आदल्या दिवशीच केल्या होत्या. बारा पातळ पोळ्या मधे तेल-पीठ लावून एकावर एक रचायच्या, एकत्र लाटायच्या, तव्यावर नुसत्या दाखवायच्या आणि गरम असतानाच थर सोलून काढायचे. बोटं भाजतात, पण गार झालं की थर सुटत नाहीत. मग कातरीने पट्ट्या कापायच्या आणि ओल्या फडक्यात झाकून ठेवायच्या. खिमा चुलीवर कोरडा होत होता. लामियाचा फोन वाजला, आईचा, आणि ती तो घेऊन अंगणात गेली.

जैतून उठली, ढवळायला म्हणून. चुलीशी गेली की तिचे हात स्वतःच चालायचे. एका हाताने ढवळलं, दुसऱ्या हाताने मिठाची बरणी उघडली, बिस्मिल्ला म्हणत चमच्याने टाकलं की नाही टाकलं, बरणी बंद केली, गॅस बारीक केला आणि ती जागेवर येऊन बसली. चाळीस वर्षं या स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाच्या हाताने मीठ पडलं नव्हतं.

लामियाने खिमा परातीत पसरून गार केला. पाव वाटी मैदा पाण्यात कालवून खळ केली आणि घडी घालायला बसली.

"कोपरा बघ, कोपरा," गदीजा म्हणाली. गदीजा म्हणजे तोंडाची टकळी. घडी मात्र तिच्यासारखी गल्लीत कुणाची नाही. "टोकाला सुईएवढं भोक राहिलं तरी तेल आत शिरतं. मग नवरा म्हणतो, बायकोने समोशाला अंघोळ घातली."

"माझा नवरा काही बोलत नाही, आंटी."

"आठ महिन्यांत कुणाचाच बोलत नाही."

लामिया हसली. तिचा तिसरा समोसा बऱ्यापैकी त्रिकोणी झाला होता. "मम्मी विचारत होती, काय घालून येऊ. मी म्हटलं, चर्चला जातेस तशी ये." तिने कोपरा खळीने चिकटवला. "अम्मा, मीठ मी सुरुवातीलाच घातलंय हं. तुम्ही सांगितलं होतं तसं मोजून, दोन चमचे."

जैतूनचा हात पट्टीवरच थांबला.

टाकलं होतं का आपण? बरणी उघडल्याचं आठवत होतं. झाकण लावल्याचं आठवत होतं. मधलं काही केल्या आठवेना.

"लामिया," ती म्हणाली, "मीही टाकलं असेन बहुतेक."

"किती?"

"ते आठवत असतं तर 'बहुतेक' म्हटलं असतं का?"

लामियाने हातातला समोसा खाली ठेवला. परातीकडे पाहिलं. "म्हणजे चार चमचे."

"किंवा दोनच. मला खरंच सांगता येत नाही गं."

"चाखायला पाहिजे," गदीजा म्हणाली. "महिन्याच्या सुट्टीवर कोण आहे? माझ्या दोघी पोरी कालच परत रोजाला लागल्या. एरवी रोज एक तरी घरात असते खाऊन-पिऊन, आणि आज नेमकी गल्लीत दुष्काळ. लामिया, तू?"

"नाही आंटी," लामिया लाजून म्हणाली.

"मग मैमूना आहे की! मैमूना, घे गं चमचा."

मैमूनाने कुणाकडे न बघता चिमूटभर खिमा जिभेवर ठेवला. "खारट आहे," ती म्हणाली.

गदीजा खो-खो हसली. "हिला विचारून काय उपयोग! सात वर्षं डॉक्टरने हिचं मीठ तोडलंय. परवा माझी खीर हिला खारट लागली!"

"खारटच होती," मैमूना म्हणाली. पण मग तीही थोडी हसली आणि लामियाला म्हणाली, "खरं आहे बाई, माझ्या जिभेवर जाऊ नकोस. मला आता सगळंच खारट लागतं."

"आंटी, तुम्ही बघा ना," लामिया गदीजाला म्हणाली. "जिभेच्या टोकावर ठेवायचं आणि थुंकायचं. तौफीक म्हणतो, स्वयंपाक करणारीला तेवढं चालतं."

"चालतं. मौलानांनीही सांगितलंय चालतं." गदीजाने दोन्ही हात वर केले. "पण या घरात नाही गं बाई. याच टेबलावर मी एकदा आमटी चाखून थुंकले होते. तुझ्या सासूने दहा बायकांत मला विचारलं, 'गदीजा, रोजा चमच्याने धरतेस वाटतं?' बारा वर्षं झाली. अजून लोक लग्नात मला चमचा दाखवतात."

ती हसतच बोलत होती, पण तिने हात काही खाली आणले नाहीत. जैतून मान खाली घालून बसली. मैमूनाचं दार दुखण्याने बंद केलं होतं. गदीजाचं जैतूनच्याच जिभेने.

"टाकून देऊ या," लामिया म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "तौफीकला सांगते, येताना बाहेरून काहीतरी आण."

"अगं, अंदाजाने बटाटा घालू—"

"आणि खारट नसलाच तर? मग पिठूळ लागेल. आंटी, तुम्हाला माझी मम्मी माहीत नाही. ती काही बोलणार नाही. एक घास खाईल, उरलेलं रुमालात गुंडाळून ठेवेल, आणि घरी जाताना गाडीत डॅडीला म्हणेल, पोरगी ना त्यांची झाली ना आपली राहिली." तिने खळीची वाटी बाजूला सरकवली. "आठ महिन्यांनी येतेय हो ती."

जैतूनने पोरीकडे पाहिलं. एकवीस दिवस ही मुलगी पहाटे उठत होती. जन्मात कधी उपाशी न राहिलेली, चार वाजता डोकं धरून बसायची आणि विचारलं की 'मस्त आहे' म्हणायची. तिचा खरा रोजा आणि आपलं हे एकवीस दिवसांचं नाटक एकाच टेबलावर बसलं आहे, असं जैतूनला वाटलं. मनातून ती फार खजील झाली.

तिने चमचा उचलला. टोकाने चाखायचं नाटकही केलं नाही. चांगला चमचाभर खिमा तोंडात घातला, नीट चावला आणि गिळला.

"खारट आहे," ती म्हणाली. "पण हाताबाहेर गेलेलं नाही. पाच बटाटे उकड, दोन कांदे बारीक चिरून कोरडे परत, वर लिंबू पीळ. झालेले समोसे उलगड, खिमा परत घे."

मग लामिया एकदम उठली आणि तिने सासूच्या गळ्यात हात टाकले.

"अम्मा, तुमचा रोजा! माझ्यासाठी मोडलात? माझ्या समोशांसाठी?" ती हमसून रडायला लागली.

"या अल्लाह, जैतून!" गदीजाचे डोळे भरून आले. "सुनेसाठी कुणी एवढं करतं का गं? साठ वर्षांत एक चुकवला नाही, आणि आज…"

मगरिबपर्यंत ही गोष्ट आठही घरांत पोचणार, हे जैतूनला दिसत होतं. थाळ्यांच्या आधी पोचली असती. जैतूनने सुनेची लाज राखायला रोजा मोडला! लोक तिच्या मयतालाही हे सांगतील. तिला काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. उरलेल्या नऊ दिवसांचीही सोय त्यातच कुठेतरी लागली असती.

समोर मैमूना बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसती बघत होती, आणि तिचा हात पट्टीवर थांबला होता.

"सोड, पोरी," जैतून लामियाला म्हणाली. "रडू नकोस. मोडायला रोजा होता कुठे?"

"म्हणजे?"

"यंदा एकही धरलेला नाही. साखर आहे मला. दिवसातून तीनदा सुई टोचून घेते. डॉक्टरने मना केलंय." बोलताना ती लामियाकडे बघत होती, पण सांगत होती मैमूनाला. "रोज तुमच्याबरोबर सेहरी करते आणि मग खोलीत जाऊन खाते. चोरून. आता बटाटे टाक. अस्रच्या नमाजेला तासभर राहिलाय."

गदीजासारखी गदीजा, पण झालेले समोसे उलगडताना तिचा हात चुकला. तिने लागोपाठ तीन पट्ट्या फाडल्या. लामियाने डोळे पुसले, सासूचा हात एकदा घट्ट दाबला आणि बटाटे धुवायला घेतले. मैमूनाने पुढची पट्टी उचलली, खिम्यासाठी थांबून राहिली, आणि खिमा आल्यावर मुकाट्याने भरू लागली.

संध्याकाळी मेर्ल आणि तिचा नवरा डेझमंड आले, चर्चचे कपडे घालून, हातात केकचा डबा घेऊन. अजान झाली. डेझमंडने एकामागून एक नऊ स्प्रिंग रोल खाल्ले आणि बायकोने डोळे वटारल्यावर दहावा खिशात घालू का म्हणून विचारलं. मेर्लने समोसा फोडला, आतला वास घेतला, खाल्ला. मग दुसरा घेतला.

"कुणी केले?"

"मी," लामिया म्हणाली.

मेर्ल शांतपणे चावत राहिली. "मीठ किंचित कमी आहे," ती म्हणाली आणि तिसरा उचलला. मैमूनाने ओढणी तोंडावर धरली. लामियाने सासूकडे पाहिलं आणि दोघींना हसू आवरेना. मेर्लला काही कळलं नाही, पण जाताना तिने उरलेले समोसे स्वतः मागून घेतले.

जैतूनचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. सगळी संध्याकाळ ती मैमूनाच्या एका वाक्याची वाट बघत होती. तिला ते पाठ होतं. आपणच तर शिकवलं होतं. मन आजारी असतं काही जणींचं. बोल म्हणावं एकदा, म्हणजे सुटले. पण मैमूनाने भांडी पुसली, सलाम केला आणि ती आपल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जैतूनने सवयीने दार लावलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तरी लावलं. वाटीत पाणी घेऊन तिने त्यात रस्क बुडवला, तेवढ्यात दारावर टकटक झाली. तिने घाईघाईने वाटी पलंगाखाली सारली.

"मुंग्या येतील," मैमूना दार ढकलत म्हणाली. तिच्या हातात तबक होतं. दोन कप चहा, दोन उकडलेली अंडी, लोणी लावलेले टोस्ट. तिने तबक पलंगावर ठेवलं आणि स्वतःही बसली. "चहात साखर नाही. अंड्यांना मीठ नाही. आपल्या दोघींची मेजवानी आहे."

जैतून तबकाकडे बघत राहिली. "मी तुला बोलले होते, मैमूना. बायकांदेखत."

"बोलली होतीस."

"माफ कर म्हणायला तोंड नाही मला."

"नसू दे. आहे ते खायला वापर." मैमूनाने वाकून पलंगाखालची वाटी बाहेर काढली आणि तिच्यातल्या लिबलिबीत रस्ककडे पाहिलं. "पाण्यात भिजवून खातेस?"

"कुरकुर ऐकू जाते बाहेर."

मैमूनाने वाटी खिडकीत ठेवली.

"मीपण भिजवूनच खाते, भाभी," ती म्हणाली. "सात वर्षं झाली."

जैतूनला एकदम रडू फुटलं. पाठ थरथरून, लहान मुलीसारखं. मैमूनाने तिला रडू दिलं. थांब म्हणाली नाही आणि जवळही घेतलं नाही. रडणं ओसरल्यावर तिने एक टोस्ट वहिनीच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. जैतूनने नाक पुसलं, उठून दार सताड उघडलं आणि परत येऊन बसली. मग दोघींनी टोस्ट चावले.